डी५३०० वरून झेड५०-टू: सुट्टीच्या तोंडावर कॅमेरा बदलताना

सुट्टीच्या तोंडावर नवा कॅमेरा घेऊ नये असं सगळे सांगतात, आणि सांगणारे शहाणेच असतात. अनोळखी गावात, भर उन्हात उभं राहून मेनू धुंडाळत बसायची हौस कोणाला असते? तरीही निघायला थोडेच दिवस उरलेले असताना मी निकॉनचा झेड५०-टू घेतला आणि जुना डी५३०० घरी ठेवून गेले. त्यामुळे हे परीक्षण जरा एकांगी आहे. कॅमेरा चांगला की वाईट हे ठरवायला माझ्याकडे प्रश्न एकच होता: इतक्या कमी वेळात तो हातात बसतो का?

आधी जुन्याविषयी, कारण बदल किती झाला ते त्याशिवाय कळणार नाही. डी५३०० आला ऑक्टोबर २०१३ मध्ये. २४.२ मेगापिक्सेलचा डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा; वायफाय आणि जीपीएस अंगचंच असलेला निकॉनचा पहिलाच. उजेड चांगला असेल आणि समोरचा माणूस स्वस्थ उभा असेल, तर तो आजही असे फोटो काढतो की नव्या कॅमेऱ्याचे शेजारी ठेवले तर कोणता कुणाचा हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. फोटोचा दर्जा वाढावा म्हणून कॅमेरा बदलायचा विचार असेल, तर आधी हे वाक्य पुन्हा वाचा.

माझी कारणं वेगळी होती. पहिलं म्हणजे भाची. ती पळण्याच्या, उड्या मारण्याच्या वयात आहे आणि फोटोसाठी थांबणं तिला मान्य नाही. डी५३०० चे ३९ फोकस पॉइंट चौकटीच्या मध्यभागी गोळा झालेले आहेत. मूल कडेला गेलं की फोकस पाठीमागच्या झाडावर. मागच्या स्क्रीनवर बघून फोटो काढावा तर तिथला फोकस संथ. तो जमेपर्यंत पोरगी चौकटीबाहेर.

दुसरं कारण वयाचं. जवळचं वाचायला मला आता चष्मा लागतो. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीतून, लांबचं स्वच्छ दिसतं, पण काढलेला फोटो नीट आला का हे पाहायला स्क्रीनकडे वळायचं, म्हणजे चष्मा शोधायचा, लावायचा, उन्हातला स्क्रीन तळहाताने झाकायचा, आणि मग पुन्हा चष्मा काढून डोळा व्ह्यूफाइंडरला. प्रत्येक फोटोला ही कसरत. शेवटी मी फोटो तपासणंच सोडून दिलं होतं. मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला कॅमेरा, घ्यावा असं मला कुठल्याही तुलनातक्त्याने नाही, या चष्म्याने पटवलं.

तीन कॅमेरे डोळ्यांसमोर होते. कॅननचा आर५० सगळ्यांत हलका, बॅटरी आणि कार्ड धरून ३७५ ग्रॅम. सोनीचा ए६७०० कागदावर सरस: बॉडीतच हात थरथरण्यावरचा उपाय आहे, बॅटरीही मोठी. आणि हा झेड५०-टू, नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेला. हातात वेळ असता तर बहुधा सोनी घेतला असता, हे मोकळेपणाने सांगते. पण वेळ नव्हता, आणि निकॉनवर बरीच वर्षं हात बसलेला होता. चालू-बंद करायची कळ शटरभोवती, 'आय' बटण दाबलं की नेहमी लागणाऱ्या सेटिंग्जची पट्टी, उजेड कमी-जास्त करायचं बटण बोटाला न बघता सापडेल असं, मेनूतल्या विभागांचे रंग आणि चिन्हंही ओळखीची. लेन्स कोणत्या बाजूला फिरवून बसवायची आणि झूमची रिंग कुठे वळवली की दृश्य जवळ येतं, या गोष्टी कॅनन आणि निकॉनमध्ये उलट्या आहेत. दुकानात हसण्यावारी नेता येतात. पण एखादा क्षण समोरून चालला असताना हात सवयीने उलट वळला की तो गेला. सुट्टीच्या आधी कंपनी बदलू नका असं मी म्हणते ते एवढ्यासाठीच. कंपनीवरच्या निष्ठेशी त्याचा काही संबंध नाही.

दुकानात गेल्यावर मी एक गोष्ट केली, ती सगळ्यांनी करावी. विक्रेता वैशिष्ट्यं सांगत असताना त्याला मध्येच थांबवून कॅमेरा हातात घेतला आणि मनातल्या मनात स्वतःलाच कामं दिली: आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) बदल, फोकसचा प्रकार बदल, सेल्फ टायमर लाव, कार्ड फॉरमॅट कर. कुणाला न विचारता ही कामं उरकली. दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यावर फोकसचा प्रकार शोधतानाच अडखळले. त्यात त्या कॅमेऱ्याचा दोष नाही. ज्याचा हात तिकडे बसलेला आहे तो निकॉनवर अडखळेल.

आता एक आकडा, जो ऐकून माझ्या बहिणीने 'मग पुढे गेलीस की मागे?' असं विचारलं. झेड५०-टू २०.९ मेगापिक्सेलचा आहे. म्हणजे मी जास्तीतून कमीत आले. जुन्याचा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा, नव्याचा ५५६८ बाय ३७१२ चा. लांबीत फरक सात टक्क्यांचा. ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, छापायचं तर जुना २० इंच रुंद जाईल, नवा साडेअठरा. फोर-के स्क्रीनवर मुळात सव्वाआठ मेगापिक्सेलच दिसतात. भिंतभर छापणाऱ्याने जरूर विचार करावा. आमच्या घरी सगळ्यांत मोठा फोटो कॅलेंडरएवढा आहे.

फरक पडला तो प्रोसेसरमुळे. एक्स्पीड ७ हा प्रोसेसर २०२१ साली निकॉनच्या सर्वांत वरच्या झेड९ मध्ये पहिल्यांदा आला, आणि आता या छोट्या कॅमेऱ्यात बसवला आहे. सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारी चिप, तसा जुन्या वळणाचा, २०.९ मेगापिक्सेल हा आकडा निकॉनकडे २०१६ च्या डी५०० पासून आहे. म्हणजे डोळा जुनाच आहे, अक्कल नवी आहे. माणसं, कुत्री, मांजरं, पक्षी, गाड्या, विमानं, आगगाड्या असं काय काय तो स्वतः ओळखतो आणि त्याच्या मागे लागतो. माणूस असेल तर डोळ्यावर छोटी चौकट येते. भाची झाडामागे गेली, चौकट झाडापाशी घुटमळली, भाची दुसऱ्या बाजूने बाहेर आली, चौकट पुन्हा तिच्या डोळ्यावर. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा शटर दाबायचं विसरून मी नुसती बघत बसले.

ज्या गोष्टीसाठी घेतला ती आता सांगते, कारण परीक्षणांमध्ये ती क्वचित कुणी लिहितं. इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये नुसतं समोरचं दृश्य दिसत नाही. काढलेला फोटो तिथेच दिसतो, मोठा करून बघता येतो, अख्खा मेनू तिथे उघडतो. शेजारच्या छोट्या चाकाने डायऑप्टर, म्हणजे व्ह्यूफाइंडरच्या भिंगाचा नंबर, एकदा डोळ्याला जुळवून घेतला की चष्म्याचं काम संपलं. कॅमेरा डोळ्याला लावलेलाच, फोटो काढला, प्लेचं बटण दाबलं, डोळे मिटले आहेत का ते मोठं करून पाहिलं, पुन्हा काढला. चष्मा पिशवीत राहिला. उन्हातही अडलं नाही, कारण आतला पडदा पुरेसा प्रखर आहे. कंपनी १००० निट्स सांगते. त्यातले ठिपके २३.६ लाख आहेत, आणि यापेक्षा बारीक पडदे महागड्या कॅमेऱ्यांत मिळतात हे मला ठाऊक आहे. मला ठिपके मोजायचे नव्हते, पापण्या बघायच्या होत्या.

आणखी एक फायदा ध्यानीमनी नसताना झाला. डी५३०० चा व्ह्यूफाइंडर फोटोचा ९५ टक्केच भाग दाखवतो. उरलेला कडेचा भाग फोटोत येतो, पण काढताना दिसत नाही. माझ्या जुन्या फोटोंच्या कडेला कुणाचं कोपर, कचऱ्याचा डबा, खांब असं काहीबाही उगवायचं ते यामुळे. नव्यात दिसतं तेवढंच येतं.

वजनाची गंमत ऐका. मिररलेस म्हणजे हलका, असं सरसकट म्हटलं जातं. बॅटरी-कार्डासकट जुना ५३० ग्रॅमचा, नवा ५५० चा. म्हणजे बॉडी वीस ग्रॅमने जडच. हलकी झाली ती लेन्स. जुन्यावर १८-१४० मिलिमीटरची होती, ४९० ग्रॅमची. नव्यासोबत आलेली १६-५० फक्त १३५ ग्रॅमची आहे आणि मिटली की जेमतेम सव्वा इंच उरते. एकूण वजन १०२० वरून ६८५ वर आलं. दिवसभर गळ्यात अडकवल्यावर हे तिनेकशे ग्रॅम मानेला कळतात. या लेन्सची खोड एकच: वापरण्याआधी रिंग फिरवून ती उघडावी लागते, नाहीतर कॅमेरा तशी सूचना देऊन थांबतो. पिशवीतून काढता काढता रिंग फिरवायची सवय मी घरीच लावून घेतली होती.

१८ ऐवजी १६ मिलिमीटर हा फरक कागदावर किरकोळ वाटतो. अरुंद गल्लीत भिंतीला पाठ टेकवून उभं राहिल्यावर किरकोळ वाटत नाही. समोरच्या इमारतीचा वरचा मजला फोटोत मावतो की नाही हे त्या दोन मिलिमीटरवर ठरतं. उलट लांबचं मात्र गमावलं. ५० च्या पुढे ही लेन्स जात नाही.

जुनी ३५ मिलिमीटर एफ/१.८, कमी उजेडात कामाला येणारी लेन्स, मला सोडवेना. त्यासाठी एफटीझेड-टू हा अडॅप्टर घेतला. निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये लेन्स बसते त्या कडेपासून सेन्सरपर्यंतचं अंतर ४६.५ मिलिमीटर असतं, नव्या झेड माउंटमध्ये फक्त १६. मधलं अंतर भरून काढणारी पोकळ नळी म्हणजे हा अडॅप्टर. आत काच नाही, त्यामुळे फोटोचा दर्जा उतरायचा प्रश्न नाही. फोकसची मोटरही नाही, म्हणून ज्या लेन्समध्ये स्वतःची मोटर आहे, म्हणजे एएफ-एस किंवा एएफ-पी, त्यांचाच ऑटोफोकस चालतो. डी५३०० वाल्यांनी घाबरायचं कारण नाही. त्या बॉडीतही मोटर नव्हतीच, म्हणजे निकॉनची जी लेन्स तिथे आपणहून फोकस व्हायची ती इथेही होईल. दुसऱ्या कंपनीची लेन्स असेल तर मात्र दुकानात लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

३५ आणि अडॅप्टर मिळून ३२५ ग्रॅम झाले. संध्याकाळनंतर हीच जोडी वापरली. एका जुन्या दगडी इमारतीत वर जायला चक्री जिना होता, प्रत्येक वळणावर हातभर खिडकी, बाकी काळोख. बहीण पुढे, मी मागे. खिडकीपाशी ती क्षणभर थांबली आणि तिच्या चेहऱ्याच्या अर्ध्या भागावर उजेड पडला. एफ/१.८, शटर एक शतांश सेकंद, आयएसओ कॅमेऱ्यावर सोपवलेला. त्याने ६४०० च्या आसपास निवडला. फोटोत रवाळपणा आहे, पण केसांची बट न बट सुटी दिसते आणि फोकस नेमका उजेडातल्या डोळ्यावर आहे. जुन्या कॅमेऱ्याने इथे फोकससाठी पुढेमागे हेलपाटे घातले असते.

त्याच जिन्याने या कॅमेऱ्याची एक मर्यादाही दाखवली. बॉडीत कंपनरोधक यंत्रणा नाही. १६-५० मध्ये ती आहे, ३५ मध्ये नाही. म्हणजे ही जोडी लावली की हाताचं थरथरणं आपलं आपण सांभाळायचं. माणसं टिपायची असतील तर शटर तसंही वेगाने चालवावं लागतं, त्यामुळे माझं भागलं. पण रात्रीचे रस्ते, स्थिर इमारती, हातात कॅमेरा धरून लांब शटर हा तुमचा आवडीचा विषय असेल तर ए६७०० बघा.

दुसरी मर्यादा बॅटरीची, आणि ती कंपनी लपवत नाही. ठरलेल्या प्रमाणित चाचणीत डी५३०० एका चार्जवर ६०० फोटो काढतो. झेड५०-टू अडीचशेच्या पुढे जात नाही. आरसा गेला, त्याजागी सतत पेटलेला पडदा आला, त्याची ही किंमत. जुन्या बॅटऱ्या यात बसतही नाहीत. जादा बॅटरी कॅमेऱ्यासोबतच घ्या, 'नंतर बघू' म्हणू नका. यूएसबी-सी वरून चार्ज होतो ही जमेची बाजू. दुपारी जेवायला बसलो की कॅमेरा बंद करून पॉवर बँकेला लावायचा, हा शिरस्ता पडून गेला. मोबाइलशी जोडणारं ब्लूटूथ गरज नसेल तेव्हा बंद ठेवा. कॅमेऱ्याच्या मेनूत एअरप्लेन मोड आहे, तो त्यासाठीच. विमानाने जाणार असाल तर सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या सामानात ठेवायच्या, मोठ्या बॅगेत टाकायच्या नाहीत. १०० वॅट-अवरपर्यंत वेगळी परवानगी सहसा लागत नाही, आणि कॅमेऱ्याची बॅटरी दहाच्याही आत असते. टोकं एकमेकांना लागू नयेत म्हणून प्लास्टिकची टोपी घालून ठेवा.

जीपीएस गेलं याची चुटपुट लागली. जुना कॅमेरा फोटोत ठिकाण स्वतः नोंदवायचा. हा ते मोबाइलवरच्या स्नॅपब्रिज अ‍ॅपकडून घेतो. म्हणजे ब्लूटूथ चालू हवं, आणि बॅटरी वाचवायची तर बंद हवं. मी ठिकाणावर पाणी सोडलं. नव्या जागी पोचलं की आधी तिथल्या पाटीचा फोटो काढायचा, ही फिल्मच्या काळातली युक्ती अजून चालते.

निघण्याआधी घरी जे केलं त्याचं महत्त्व मला कॅमेऱ्याच्या निवडीइतकंच वाटतं. पहिलं काम फाइलींच्या नावांचं. निकॉनच्या फाइलींची नावं एकाच तीन अक्षरांनी सुरू होतात आणि नव्या कॅमेऱ्याची मोजणी पुन्हा एकपासून. संगणकावर जुन्या-नव्याचे फोटो एकाच फोल्डरमध्ये गेले की एकाच नावाच्या दोन फाइली समोरासमोर येतात, आणि घाईत 'बदला' वर बोट पडलं तर जुना फोटो कायमचा गेला. मेनूत ती तीन अक्षरं बदलता येतात. लगेच बदलली. दुसरं, रॉ फाइली, म्हणजे सेन्सरने टिपलेलं सगळं कच्च्या स्वरूपात ठेवणाऱ्या. नव्या कॅमेऱ्याची रॉ फाइल जुन्या सॉफ्टवेअरला उघडता येत नाही; एकतर ते अद्ययावत करा, नाहीतर निकॉनचं एनएक्स स्टुडिओ फुकट मिळतं ते बसवा. सुट्टीहून परत आल्यावर हे कळण्यात काही मजा नाही. कार्ड त्याच कॅमेऱ्यात फॉरमॅट केलं. व्हिडिओसाठी कार्डावर व्ही३० लिहिलेलं आहे ना ते पाहिलं, म्हणजे सेकंदाला निदान ३० मेगाबाइट लिहिण्याची हमी. घड्याळ आणि टाइम झोन लावला.

मग मोड डायलवरची यू१, यू२ ही खाती. आपल्या पसंतीची सगळी सेटिंग्ज एका खात्यात साठवून ठेवता येतात आणि डायल फिरवला की ती जशीच्या तशी हजर होतात. जुन्या कॅमेऱ्यात हे नव्हतं, आणि मला विचाराल तर वेळ कमी असणाऱ्याने सगळ्यात आधी हेच शिकावं. यू१ मध्ये पळणारी भाची: शटर सेकंदाच्या पाचशेव्या हिश्शाचं, माणूस ओळखणं चालू, लागोपाठ फोटो. यू२ मध्ये पक्षी: शटर आणखी वेगवान, पक्षी ओळखणं चालू. बाकी सगळ्यासाठी साधा 'ए' मोड, ज्यात लेन्सचं छिद्र आपण ठरवतो आणि शटर कॅमेरा. बाकीचे दोनशे पर्याय घरी परतल्यावर बघायचे असं ठरवून टाकलं, आणि परतल्यावरही अजून बघितलेले नाहीत.

एका तळ्यावर लाकडी फळीवरून मुलं पाण्यात उड्या मारत होती. अशा वेळी शटर नेहमी उशिरा दाबलं जातं. आपण दाबतो तोवर मूल अर्धं पाण्यात. यात एक सोय आहे: बटण अर्धं दाबून ठेवायचं, कॅमेरा आतल्या आत फोटो घेत राहतो, आणि पूर्ण दाबल्यावर त्याच्या आधीच्या सेकंदापर्यंतचे फोटोही कार्डावर लिहितो. सेकंदाला ३० पर्यंत, फक्त जेपेग. भाचीचे पाय फळी सोडतात, फळी वर उसळते, ओल्या पावलांचे ठसे तिच्यावर तसेच, आणि पोरीने दोन्ही मुठी आवळून डोळे गच्च मिटलेले. मी बटण दाबलं त्याच्या आधीचा आहे तो फोटो. रात्री झोपायच्या आधी शेकडो जवळपास सारख्या फोटोंतून एक निवडत बसावं लागतं, ही त्या सोयीची दुसरी बाजू. 'मावशी, अजून किती वेळ?' हे वाक्य आता फोटो काढताना नाही, फोटो निवडताना ऐकू येतं.

या सोयीत शटर इलेक्ट्रॉनिक असतं, हे ध्यानात ठेवा. फार वेगाने आडवी जाणारी वस्तू तिरकी आलेली दिसू शकते, आणि एलईडी दिव्यांखाली फोटोत पट्टे उमटू शकतात. उन्हातल्या तळ्यावर दोन्हीची भीती नाही. संग्रहालयात आवाज नको म्हणून सायलेंट मोड लावाल तेव्हा मात्र एखादा फोटो मोठा करून तपासा.

व्हिडिओवर मी फार लिहिणार नाही, कारण मी मोजकेच काढते. फोर-के सेकंदाला ३० चौकटींपर्यंत पूर्ण रुंदीत मिळतं, ६० वर गेलं की दृश्य कापलं जातं. चालता चालता काढायचा असेल तर मोबाइल बरा.

वरच्या बाजूला पिक्चर कंट्रोलचं वेगळं बटण आहे. ते दाबून रंगांची तऱ्हा बदलता येते आणि फोटो कसा येईल ते आधीच दिसतं. नवलाई म्हणून आम्ही खेळलो, मग कृष्णधवल सोडून सगळं विसरलो. दुपारच्या रखरखीत उन्हात रंग तसेही फिके पडतात. तेव्हा व्ह्यूफाइंडरमध्येच कृष्णधवल जग बघत फिरणं मला फार आवडलं. रॉ सोबत काढलं की रंग शाबूत राहतात, त्यामुळे भीती नाही.

तर घ्यावा का? तुमच्याकडे निकॉनचा जुना डीएसएलआर आहे, एएफ-एस लेन्स आहेत, घरात पळणारी मुलं किंवा प्राणी आहेत आणि सुट्टी जवळ आली आहे, तर खुशाल घ्या. जादा बॅटरीचे पैसे मात्र हिशेबात धरा. जुना कॅमेरा डोंगर आणि इमारती टिपण्यासाठीच वापरत असाल तर बदलू नका, त्या पैशात एखादी चांगली लेन्स येईल. दुसऱ्या कंपनीवरून इकडे यायचं असेल तर सुट्टी आधी उरका.

मला आता लांबचं बघणारी लेन्स हवी आहे. होडीच्या मागे येणारे समुद्रपक्षी कॅमेऱ्याने अचूक ओळखले, डोळ्यावर चौकटही बसवली, पण ५० मिलिमीटरला पक्षी तो केवढा दिसणार! ५०-२५० ही ४०५ ग्रॅमची आहे आणि लांबवर पोचते. नवी १८-१४० ही ३१५ ग्रॅमची, एकटीच दिवसभर पुरते. पहिलीत लेन्स बदलत बसणं आलं, दुसरीत पक्षी पुन्हा लहान. बहीण म्हणते पक्षीच सोड. अजून ठरत नाहीये, पण यावेळी खरेदी निघण्याच्या बरीच आधी होणार आहे.